साडेबाराशेचा हिशेब

सकाळी ६.५०
तारीख ३० जुलै. रात्रभर कोसळून पाऊस आता जरा दमलाय. काकांची स्कूटर निघते. पायाजवळच्या फळीवर एक भरलेली बॅटरी, तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद. हँडलला पिशवी. पिशवीत १०-११ आणि १२-१३चे पाने, तारेचा ब्रश, मल्टिमीटर, फडक्यात गुंडाळलेला हायड्रोमीटर आणि एका बाटलीत खायच्या सोड्याचं पाणी.

काका ऑटो इलेक्ट्रिशियन. रत्नागिरीत साळवी स्टॉपवरून कुवारबावकडे जाताना रस्त्याला लागून दुकान. वय पंचावन्नच्या पुढे. पँटला मांडीवर बारीक भोकं आहेत, सिगरेटची वाटावीत तशी. ती अ‍ॅसिडची. दर दोन-तीन महिन्यांनी एक पँट जाते. काका तो खर्च कुणाच्या बिलात लावत नाहीत, पण बोलून दाखवतात.

हा आठवडा त्यांच्या धंद्याचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मिरकरवाडा बंदरात बोटी नांगरलेल्या, आणि मासळी वाहणारे पिकअप अंगणात उभे. मार्च ते मे हेच पिकअप हापूसच्या पेट्या घेऊन वाशी मार्केटला पळत होते. मग दोन महिने कुणी किल्ली लावली नाही. आता परवापासून बंदर सुरू. उद्या बर्फ लागणार. आज सगळ्यांना गाडी आठवलीय.

सकाळी ७.१५
भाट्ये. पूल ओलांडून डावीकडची वाडी. अंगणात पांढरी बोलेरो पिकअप, हौद्यात पावसाचं पाणी आणि फणसाची पानं. मालक छत्री घेऊन उभे. ड्रायव्हरने बॉनेट आधीच उघडून ठेवलंय.

"काका, सेल्फ मारला की नुसतं टक-टक. काल चौघांनी धक्का मारला, दमलो. नायच झाली."

"होणार नाही. ही कॉमन रेल आहे."

जुनी डीआय गाडी असती, पंप मेकॅनिकल असता, तर उतारावर सोडून दुसऱ्या गिअरला झाली असती. अडीच लिटरचं हे नवं इंजिन आधी स्वतःच्या कॉम्प्युटरला विचारतं, आणि कॉम्प्युटरला व्होल्टेज लागतं. पेट्रोल गाडीत ठिणगी असते. डिझेलमध्ये ठिणगी नाही, नुसती हवा दाबून तापवायची. तो दाब सेल्फला ओढावा लागतो. म्हणून डिझेलला बॅटरी मोठी. सुरू होताना दोन-तीन सेकंद ती जे देते, त्याच्यासाठीच ती असते. बाकी वेळ दिवे आणि हॉर्न डायनामो सांभाळतो.

दोन्ही टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी फुलून आलीय. समुद्र हाकेच्या अंतरावर, खारं वारं, त्यात अ‍ॅसिडची वाफ. काका सोड्याचं पाणी ओततात. फसफस होते. मल्टिमीटर लावतात. ९.४.

भरलेली बॅटरी १२.६, १२.७ दाखवते. १२च्या खाली आली की रिकामीच समजायची. ९.४ म्हणजे काही बोलायलाच नको.

"नवीच टाकून द्या," मालक म्हणतात. "चार वर्षं झाली हिला. उद्या सकाळी बर्फाची पहिली खेप आहे."

"रिकाम्या बॅटरीचं पोस्टमार्टेम होत नाही," काका म्हणतात. "आधी भरू. मग मेली का निजली ते कळेल."

मालकांना हे फारसं पटत नाही. विकायला बसलेला माणूस विकत का नाही, असा तो चेहरा.

पाना आधी निगेटिव्हला. पॉझिटिव्हला आधी लावला आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी, म्हणून. जुनी बाहेर, दुकानातली आत. आता पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. ड्रायव्हर किल्ली फिरवतो. एका दमात इंजिन. मागे काळ्या धुराचा गोळा. चालू इंजिनवर पुन्हा मीटर. १४.२. डायनामो चांगला आहे. निदान तो खर्च नाही.

"गाडी साडेअकराला दुकानात आणा. बॅटरी माझी आहे, फिरवत बसू नका."

सकाळी ८.२०
दुकान म्हणजे दहा बाय चौदाचा गाळा. पुढे टेबल, तीन कंपन्यांचे फलक, मागे चार्जिंगचा ओटा. ओट्यावर लाकडी फळ्या. फळ्यांवर आत्ताच अकरा बॅटऱ्या रांगेत, प्रत्येकीवर खडूने नाव. 'मिऱ्या ट्रॅक्टर'. 'फणसोप रिक्षा'. 'चाचा १' आणि 'चाचा २'. पोरगा आठला आलाय. वय एकोणीस. रोज ४५० रुपये आणि दुपारचा वडापाव.

भाट्येची बॅटरी ओट्यावर चढते. अठरा किलोच्या आसपास. पोरगा ती कंबर न वाकवता गुडघ्यात बसून उचलतो. हे काकांनी शिकवलेलं. काकांची स्वतःची कंबर गेलेली आहे.

झाकणं उघडली. सहा सेल, सहा भोकं. काका टॉर्च मारतात. पहिल्या दोनांत पाणी प्लेटच्या जेमतेम वर. तिसऱ्यात प्लेटा उघड्या, कडेला पांढुरक्या. पुढच्या तिन्हींत ठीक.

"तिसरा बघ."

पोरगा बघतो. काही बोलत नाही.

डिस्टिल्ड वॉटर फक्त प्लेटा बुडतील इतकंच. चार्ज झाल्यावर पातळी वर येते, तेव्हा खूणभर करायचं. आधीच काठोकाठ भरलं की उकळून बाहेर येतं आणि ओटा खातं. पाच लिटरचा कॅन शंभर-सव्वाशेला पडतो, तरी काही ड्रायव्हर विहिरीचं पाणी ओततात. आपल्याकडचं पाणी जांभ्यातून झिरपलेलं, त्यात लोह. प्लेटा त्याने लवकर जातात. जुने लोक पागोळीचं पाणी धरून ठेवत. कौलावरून आलेलं तेही निर्मळ नसतंच, पण विहिरीपेक्षा बरं, असं काकांचं मत.

चिमटे लावले. चार्जरचा काटा सातवर. पंचाहत्तर अँपिअर-अवरची बॅटरी, तिला दहाव्या हिश्शाने भरायचं. दहा-बारा तास. तीसवर ठेवली तर तीन तासांत 'भरली' दिसते, पण प्लेटा तापतात, वाकतात, मसाला झडून तळाला बसतो. घाईचं चार्जिंग रस्त्यावर मिळतं. काकांकडे मिळत नाही. भाव १५० रुपये, रात्रभर ठेवली तरी तेवढाच.

सकाळी ९.३०
छोट्या टेम्पोतून दोन खलाशी आणि एक तांडेल. बोटीच्या या प्रमुखांना सगळे चाचा म्हणतात. काल ठेवलेल्या दोन बॅटऱ्या न्यायला आलेत. या बोटीच्या. एकेक चाळीस किलोच्या घरात. दोन्ही एकामागे एक जोडून चोवीस व्होल्टचा सेल्फ. त्यावरच रात्रीचे दिवे, वायरलेस, जीपीएस, मासे दाखवणारा फाइंडर.

काका हायड्रोमीटर घालून चाचांनाच दाखवतात. काचेच्या नळीत पाणी वर येतं, आतला तरंगता काटा थांबतो. १२५०. दुसरा सेल १२५०. तिसरा १२४५. बाराही सेल साडेबाराशेच्या आगेमागे. साध्या पाण्याची ग्रॅव्हिटी हजार. अ‍ॅसिड जितकं जागं, तितका काटा वर. बाराशेच्या खाली अर्धपोटी, साडेअकराशेच्या खाली उपाशी.

"किती वर्षं झाली, चाचा?"

"पाचवं लागलं."

बंदी लागली त्याच दिवशी चाचांनी बॅटऱ्या बोटीवरून उतरवल्या. घरात फळीवर ठेवल्या. दर महिन्याला एकदा भरून घेतल्या. सुकं फडकं मारलं. एवढंच.

"दर्यात बंद पडली तर धक्का कोन मारणार?" चाचा म्हणतात.

काका तपासणीचे पन्नास-पन्नास घेतात. पाच वर्षांत या माणसाला ते एकही नवी बॅटरी विकू शकलेले नाहीत. खलाशी मधे बांबू घालून एकेक उचलतात. टेम्पोपासून गाळ्यापर्यंत चिखल, पण तोल जात नाही. धक्क्यावर शेवाळलेल्या पायऱ्यांवरून हेच करायचं असतं.

सकाळी १०.४०
लाईट गेली.

चार्जरचे पंखे एकदम थांबले तसा पाऊस ऐकू आला. काका घड्याळ बघून भिंतीवरच्या पाटीवर वेळ लिहितात. किती तास मिळाले ते प्रत्येकीच्या नावापुढे. पोरगा चहा आणतो. दहाचा एक, दोन कप. आज चहा जास्त होणार. लाईटशिवाय इथे दुसरं करण्यासारखं असतं ते टर्मिनल घासणं, आणि बिलं.

११.३५ला आली. पंचावन्न मिनिटं गेली.

सकाळी ११.४५
पिकअप दारात. मालक मागून मोटरसायकलवर, रेनकोटात. एवढं साधं काम असताना स्वतः का आलात, असं काका विचारत नाहीत. नवी बॅटरी घ्यायची तर पैसे ड्रायव्हरच्या हातात नाहीत द्यायचे, हे उघड आहे.

काका निगेटिव्हची केबल सोडतात. मल्टिमीटर अँपिअरवर. एक वायर केबलला, एक टर्मिनलला, मीटर मध्ये. किल्ली काढलेली, दरवाजे बंद, दिवे बंद. आता काटा शून्याजवळ हवा.

०.०५.

"हे काय पितंय?"

ड्रायव्हर मालकांकडे बघतो. मालक रस्त्याकडे बघतात.

डॅशबोर्डखाली काळी डबी आहे, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी. जीपीएस. मालकांनी बसवलेला. मागच्या वर्षी वाशीहून परतताना गाडी एकदा पनवेलला चार तास उभी दिसली होती. ड्रायव्हर म्हणाला टायर. मालक काही म्हणाले नाहीत. डबी बसली.

काका डबीचा फ्यूज काढतात. ०.०१. परत घालतात. ०.०५. पुन्हा काढतात, म्हणजे दोघांनाही दिसावं.

मग पावतीच्या मागे हिशेब मांडतात. ०.०५ गुणिले २४ तास, १.२. गुणिले ६० दिवस, ७२. "तुमची बॅटरी ७५ची. तीही नवी होती तेव्हा. गाडी अंगणात उभी होती आणि डबी तुम्हाला रोज सांगत होती की गाडी अंगणात उभी आहे."

ड्रायव्हर टायर बघायला मागे जातो. त्याचे खांदे हलतायत.

उपाय दोन. उभी करताना निगेटिव्ह काढून ठेवायची, फुकट. नाहीतर कटऑफ स्विच, २५० रुपये. मालक विचारतात, स्विच मारला तर जीपीएस चालेल का. नाही चालणार. मग स्विच नको. केबल काढू. पण पावसाळ्यात, आणि मी सांगेन तेव्हाच.

दुपारी १२.४०
चिऱ्याच्या खाणीवरचा डंपर. पावसाळ्यात खाण बंद, पण हा भरावाच्या कामावर आहे. चोवीस व्होल्ट, दोन बॅटऱ्या. एक मेलीय हे ड्रायव्हरला ठाऊक आहे, तपासायची गरज नाही. "मामा, एकच द्या. दुसरी चांगली हाय."

काका सांगून बघतात. जोडी जोडीनेच बदलावी. दोघींतून करंट एकच जातो. जुनीचं पोट लहान, ती आधी भरते, आधी रिकामी होते. डायनामो अठ्ठावीस व्होल्ट देतो, त्याची वाटणी मग सारखी होत नाही. एक उकळते, एक उपाशी राहते. वर्षभरात नवीही जुन्या वयाची होते.

ड्रायव्हर मालकाला फोन लावतो. स्पीकरवर उत्तर येतं. एकच.

काका एक देतात. बिलावर खाली लिहितात, 'एकच दिली, जोडी सांगितली होती.' ड्रायव्हरची सही घेतात. आठ महिन्यांनी वॉरंटीचं भांडण येईल तेव्हा कागद लागतो.

दुपारी १.५०
जेवण. घरचा डबा. भात, कुळथाचं पिठलं, सुका बांगडा. ताजा मासा दोन महिने नाही, आणि जो येतो त्याला हात लावता येत नाही. काका आधी हात सोड्याच्या पाण्याने धुतात, मग साबणाने, मग परत साबणाने. बोटांना शिसं लागलेलं असतं. ते पोटात जाऊ नये एवढं त्यांना माहीत आहे. पोरग्याला अजून धाकाने धुवायला लावावे लागतात.

दुपारी ३.१०
एक जण घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी जीपवर चालेल का विचारून गेला. चालेल दोन दिवस. इन्व्हर्टरच्या प्लेटा जाड, थोडं थोडं तासन्‌तास द्यायला केलेल्या. सेल्फला एका क्षणात शेकडो अँपिअर लागतात, त्याला पातळ आणि पुष्कळ प्लेटा हव्यात. माणूस हो म्हणाला आणि घरी जाऊन तीच लावणार, असं काकांना वाटतं.

दुपारी ४.४५
ओट्यावर बुडबुडे. भाट्येच्या बॅटरीत पाच सेल बारीक उकळी फुटल्यासारखे खदखदतायत. तिसरा शांत.

पोरगा कान लावून ऐकतो. गाळ्याच्या त्या टोकाला काडी ओढायची नाही, विडी नाही, ग्राइंडर नाही. बुडबुड्यातला वायू हायड्रोजन. एकदा ठिणगीने झाकण छताला लागलं होतं. खूण अजून आहे.

चार्जर बंद. थोडा वेळ थांबून हायड्रोमीटर. पहिला १२३०. दुसरा १२२५. तिसरा ११२०. चौथा १२३५. पाचवा आणि सहावा १२३०. काका प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणतात, पोरगा खडूने लिहितो. मग लोड टेस्टर. दहा सेकंद दाबला. काटा नऊच्या खाली गेला आणि तिसऱ्याच्या भोकातून वाफ आली.

"सेल शॉर्ट आहे," काका म्हणतात. "मेली."

म्हणजे सकाळी मालक बोलले तेच खरं निघालं. काकांनी १५० रुपयांसाठी दिवस घातला. पण आता डायनामो चांगला हे माहीत आहे, चोर कोण हे माहीत आहे, आणि तिसऱ्या सेलला पाणी कुणी घातलं नाही हेही. नवी तशीच बसवली असती तर पुढच्या जुलैत तिचीही हीच गत होती.

संध्याकाळी ५.१५
आता निवड. मालक स्टुलावर. ड्रायव्हर दाराशी.

काका तीन ठेवतात. पहिली, प्लेटा बदलून बांधलेली जुनी. ३,२०० रुपये. सहा महिन्यांची तोंडी हमी. दाखवतात, पण हात मागे बांधून. ही रिक्षाला ठीक.

दुसरी, झाकणांची. ६,९००. वॉरंटी अठरा अधिक अठरा. पहिले अठरा महिने बिघडली तर फुकट बदलून, पुढचे अठरा नव्या किमतीत सूट.

तिसरी, मेंटेनन्स फ्री, झाकणंच नाहीत. ८,४००. चोवीस अधिक चोवीस. वर एक काचेचा डोळा. हिरवा असला तर ठीक. तो डोळा सहातल्या एकाच सेलमध्ये असतो. तुमचा तिसरा मेला आणि डोळा पाचव्यात असला, तर मरेपर्यंत हिरवाच दिसेल.

जुनीचे १,५०० वजा. शिवाय २०२५च्या २२ सप्टेंबरपासून बॅटरीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आलाय, नाहीतर हे आकडे आणखी वर असते.

मालक मोबाइलवर भागाकार करतात. ६,९०० वजा १,५००, ५,४००. भागिले ३६ महिने, दीडशे. ८,४०० वजा १,५००, ६,९००. भागिले ४८, एकशे चव्वेचाळीस. महिन्याला सहा रुपयांचा फरक, तोही महागडीच्या बाजूने.

"मग महागच स्वस्त की."

"कार्ड वाचा आधी."

कार्डावर बारीक अक्षरात खासगी गाडीला एक मुदत, धंद्याच्या गाडीला कमी. पिवळ्या पाटीची गाडी कुठल्या रकान्यात बसते ते काका बोट ठेवून दाखवतात. चोवीस-चोवीसची वीस-वीस होते. दुसरीची अठरा-अठरा आहे तशीच, कारण ती मुळात टेम्पोसाठीच. मालक भागाकार परत करतात. ६,९०० भागिले ४०. एकशे साडेबहात्तर.

मग मालक डब्यावरचा आकडा वाचतात. "ही ८०डी२६. म्हणजे ऐंशी अँपिअर ना? पंचाहत्तरपेक्षा मोठी."

नाही. हा जपानी पद्धतीचा कोड. ८० म्हणजे ताकदीचा दर्जा, अँपिअर-अवर नव्हे. ते कमीच असतात, कडेला वेगळे छापलेले. डी म्हणजे रुंदी-उंचीचा गट. २६ म्हणजे लांबी, सेंटिमीटरमध्ये. शेवटी एल किंवा आर, टर्मिनल कुठल्या बाजूला ते. तो चुकला तर केबल पोचत नाही, आणि मग लोक केबल ताणतात. ताणलेली केबल घाटात घासते. मोठी घ्यायचा मोह इथेच संपतो. ट्रेमध्ये बसली पाहिजे, वरची पट्टी आवळली पाहिजे. हातखंब्यापर्यंत जायच्या आधीच सैल बॅटरीच्या प्लेटा झडायला लागतात. रस्ते तुम्ही बघताच.

आणखी एक. काका दोन्ही बॅटऱ्यांवर कोरलेली तारीख दाखवतात. कारखान्यातून निघून दोन महिने, आणि चार महिने. सहा महिन्यांपेक्षा जुना माल नवा म्हणून घ्यायचा नाही, कुठल्याही कंपनीचा. कोऱ्या खोक्यातही ती थोडी थोडी मरत असते.

"तुम्ही कुठली घ्याल?" मालक विचारतात.

काका ड्रायव्हरकडे वळतात. "तू पंधरा दिवसांनी बॉनेट उघडून पाणी बघशील?"

"बघीन."

"खरं सांग."

ड्रायव्हर अंगठ्याने दाराचा रंग खरवडतो. त्याचा पगार पंधरा हजार, वाशीच्या फेरीला तीनशे भत्ता. रात्री अकराला भरायचं, पहाटे पोचायचं, रिकामं करून परत. पाणी बघणं त्याच्या कामात कुणी लिहिलेलं नाही. "आठवलं तर," तो म्हणतो.

"मग झाकणं नसलेली घ्या," काका म्हणतात. "बॅटरी गाडीला बघून नाही घ्यायची. बॉनेट कोण उघडणार ते बघून घ्यायची."

मला हे पटतं. मालकांनाही पटलेलं दिसतं. पण ते खिशातून पैसे काढतात तेव्हा ते तीन हजार निघतात. दोन महिने गाडीने काही आणलेलं नाही. हप्ता मात्र गेलाय, जूनचा आणि जुलैचा.

काका दुसरी बॅटरी पुढे ओढतात. तिसरी मागे सरकवतात. त्यावर कुणी काही बोलत नाही. ५,४०० अधिक चार्जिंगचे १५०, त्यातले तीन हजार आता. उरलेले २,५५० पंधरा ऑगस्टपर्यंत. वहीत नोंद.

संध्याकाळी ६.१५
बसवणी. नवीचीही आधी ग्रॅव्हिटी, सहाही सेल. १२५०, १२५०, १२५५. कंपनीचा माल आहे म्हणून सोडायचं नाही. लोड टेस्टर. काटा दहाच्या वर थांबला.

केबलच्या टोकाचे जुने लग ब्रशने घासून पितळ दिसेपर्यंत. एक फुटका, तो बदलला. ८० रुपये. इंजिनहून बॉडीला जाणारी अर्थची वायरही काढून घासली. निम्म्या 'बॅटरी गेली' तक्रारी या एका बोल्टच्या असतात. मग टर्मिनल आवळायचे, आणि आवळल्यावर वरून व्हॅसलिन. आधी नाही. वरची पट्टी दोन्ही बाजूंनी.

सेल्फ. एका फिरकीत इंजिन. १४.१.

काका पेंटचं पेन घेतात आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहितात. 'पाणी बघणे.' खाली तारखा. १५ ऑगस्ट, १ सप्टेंबर, १५ सप्टेंबर. दिवाळीपर्यंत. ड्रायव्हर मोठ्याने वाचतो. जीपीएसचा फ्यूज परत जागेवर.

"रविवारी या," काका त्याला म्हणतात. "मी दाखवतो कसं घालायचं. पैसे नाही घेणार."

संध्याकाळी ७.३०
जुनी बॅटरी काट्यावर. सतरा किलो आठशे. भंगारवाला किलोने घेतो, निम्म्याहून जास्त वजन शिशाचं. हे शिसं वितळून पुन्हा बॅटरीतच जातं. जुनी परत घेणं २००१च्या नियमांनी दुकानदाराला बंधनकारक केलं. २०२२च्या नव्या नियमांनी बनवणाऱ्या कंपन्यांवर गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी टाकली. काका २००१च्याही आधीपासून घेतायत, कारण फुकट शिसं कोण सोडेल. काही जण अ‍ॅसिड गटारात ओतून हलकी करतात, उचलायला सोपी म्हणून. इथे भरलेलीच उभी ठेवतात, कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये. अशा चौतीस झाल्यात. चाळीस झाल्या की कोल्हापूरहून गाडी येते.

दिवसाची वही. चार्जिंग अकरा, त्यातल्या दोन उद्यावर. तपासणी दोन. बॅटऱ्या दोन, एक डंपरची, एक पिकअपची. पिकअपच्या बॅटरीत सुटतात सहाशेच्या आसपास, आणि ते उधारीतच अडकलेले. पोरग्याचे ४५०. चहा साठ. डिस्टिल्ड वॉटरचा एक कॅन. एक लग.

फोन वाजतो. मिऱ्यावरून. बोटीच्या दोन बॅटऱ्या, दोन महिने बोटीवरच राहिल्या. उद्या रात्री बाराला निघायचंय. होतील का?

"आत्ता आणा," काका म्हणतात. "आणि नव्याची तयारी ठेवून या."

मग पोरग्याला, "दोन चार्जर मोकळे कर. भाट्येचा चिमटा काढलास ना? तोच लाव."